एकोणपन्नासावं घर

त्या गुरुवारी मी नागपूरच्या महाल भागात गेले ते काजलच्या नोकरीवर शेवटचा शिक्का मारून आणायला. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेही सांगून टाकते.

मी वच्छला. रामदासपेठेतल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस सेंटरची इन्चार्ज सिस्टर. चौदा खुर्च्या, चौदा मशिनी. ज्यांच्या किडन्या थकल्या त्यांचं रक्त मशीन चार तास धुतं आणि अंगात साचलेलं पाणी काढून टाकतं. किती पाणी काढायचं हाच त्यातला जीव. जास्त काढलं तर माणूस चक्कर येऊन पडतो, कमी काढलं तर ते पाणी फुप्फुसात चढतं. प्रत्येक पेशंटचा आकडा वेगळा. तो मशीनला सांगायला नऊ महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक डबा आला. म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, खुर्चीच्या डोक्यावर बसवलेला. त्यात मराठीत नाव टाकायचं, पाण्याचा आकडा टाकायचा आणि चालू करायचं. महालातल्या दोघा जणांच्या कंपनीनं तो बनवला होता.

त्या गुरुवारच्या एकोणीस दिवस आधी रुपराव लांजेवार नावाचे शहात्तर वर्षांचे गृहस्थ पहिल्यांदाच आमच्याकडे आले. उमरेडकडचे शेतकरी, आधी दुसरीकडे डायलिसिस घ्यायचे. त्यांचं एकवीसशे मिली पाणी काढायचं होतं, म्हणजे दोन लिटरच्या थोडं वर. मशीन आमच्या टेक्निशियन काजलकडे होतं. चार तास झाले, आजोबा उठले, आणि एसटी चुकेल म्हणून वजन न देताच निघून गेले. वजन घेतलं असतं तर तिथंच कळलं असतं. संध्याकाळी त्यांना परत आणलं ते धाप लागलेल्या अवस्थेत, ओठ निळे पडलेले. चार दिवस आयसीयूत काढून वाचले बिचारे. डब्याची नोंद उघडली तर त्यात लिहिलेलं, काढायचं पाणी: एकशे अठ्ठावीस मिली. कपभर चहा म्हणा.

काजल म्हणत राहिली, मी एकवीसशेच टाकले होते. डबा म्हणत होता एकशे अठ्ठावीस. आता सव्वीस वर्षांच्या पोरीचं ऐकायचं की मशीनचं? माझा स्वभाव तापट. मी सगळ्यांसमोर तिला झापलं, डोकं मोबाईलमधी होतं का वं तुहं, म्हणून. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. शनिवारी ट्रस्टींसमोर चौकशी होती. त्याआधी कंपनीचं एक पत्र हवं होतं, की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही दोष नाही. ते आलं की काजलचा विषय संपला. नुसती नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, पण शेऱ्यात 'रुग्णाच्या जिवाशी हलगर्जी' असं पडलं की नागपुरात कोणी तिच्या हाती मशीन दिलं नसतं. तिचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात राखेच्या गाड्यांवर, ठेकेदाराकडे. हे शिक्षण त्यांनी कसं केलं ते त्यांनाच ठाऊक.

कंपनीनं सांगितलं होतं की डबा घेऊन या आणि जिनं तो वापरला तिलाही आणा, तपासणीच्या कागदावर तिची सही लागेल. म्हणून काजल माझ्याबरोबर ऑटोत. रामदासपेठ ते महाल ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी धरून.

गल्लीत भांड्यांचं दुकान, बाजूच्या अरुंद जिन्यानं वर दोन खोल्या. तिथं दुर्गेश होता. चौतिशीचा, उंच, अंगावर मांस नाही, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. ज्यानं हा डबा लिहिला तो हाच, हे मला आधी खरं वाटेना.

"बसा मॅडम. पत्र तयार आहे," तो म्हणाला. "शिक्का पियुषकडे आहे, माह्या पार्टनरकडे. थो इतवारीत गेला, घंट्याभरात येते."

"आधी थो खर्रा थुक," मी म्हटलं. "दात राहिन का तुहे चाळिशीपर्यंत?"

तो निमूट उठला, थुंकून चूळ भरून आला. एवढ्यावरून पोरगा वाईट नाही असं मी ठरवलं. मी माणसं अशीच ठरवते, आणि बऱ्याचदा चुकते.

त्यानं तपासणीचा कागद दाखवला. हेच नाव टाकून, हाच आकडा टाकून त्यानं दोनशे वेळा डबा चालवून पाहिला होता. दोनशेच्या दोनशे वेळा एकवीसशे. काजलनं कागद वाचला आणि पेन मागितलं. माझ्याही मनात होतं की कर सही, उरक एकदाचं. पण बसून बसून माझं डोकं फिरतं, आणि रिकाम्या वेळात मला कोणाला तरी कामाला लावल्याशिवाय करमत नाही.

"सही मंग कर," मी म्हटलं. "आधी याले करून दाखव तू त्या दिवशी काय केलं ते. मागाहून कोणी म्हणाले नको की विचारलं नाही."

"कितीदा सांगू सिस्टर? नाव टाकलं, आकडा टाकला, चालू केलं."

"सांगू नको. करून दाखव."

दुर्गेशनं डबा टेबलावर जोडला आणि त्याची तार आपल्या कॉम्प्युटरला लावली. काजल उभी राहिली. सेंटरमध्ये पेशंट यायच्या आधी, सकाळी सातला, टेक्निशियन कार्ड बघून सगळं भरून ठेवतात. तिनं तसंच भरलं. लांजेवार रुपराव. पाण्याच्या रकान्यात २१००. मग ती थांबली आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. तिथं कोणी नव्हतं, पण तिची मान जराशी झुकली, पेशंट आला की झुकते तशी. आणि तिचा हात परत डब्याकडे गेला. नावाच्या रकान्यात बोट ठेवून तिनं रुपरावच्या पुढे 'जी' लावला, ठीक दाबलं, चालू केलं.

"हे काय केलं आता?" दुर्गेशनं विचारलं.

"काय केलं?" काजललाच कळेना.

"नावात काहीतरी टाकलं तुम्ही. आकडा टाकल्यावर. मी दोनशे वेळा आधी पूर्ण नाव टाकलं, मंग आकडा."

"जी लावला," ती म्हणाली. "म्हातारे आहेत ना ते. कार्डावर वय नसते. रुपराव म्हणजे चाळीस वर्षांचा बी असू शकते. माणूस समोर आला का समजते, मंग लावतो."

दुर्गेश तिच्याकडे बघत राहिला आणि मी जमिनीकडे. कारण तो नियम माझा होता. स्क्रीन पेशंटच्या डोक्यावर असते, नातेवाईक वाचतात, पेशंट स्वतः आरशात बघावं तसा मान वळवून वाचतो. डबा आला त्याच आठवड्यात एका निवृत्त हेडमास्तरांचं नाव नुसतं लागलं म्हणून मी काजलला रडवलं होतं. माझ्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसाचं नाव बोडकं लागणार नाही. बाईला बाई, पुरुषाला जी. तेव्हापासून सगळ्या पोरी लावतात. एकोणीस दिवसांत तिला निदान पंधरा जणांनी विचारलं होतं की तू काय काय केलंस, आणि एकदाही तिनं हे सांगितलं नाही. लपवलं नव्हतं. हे काम आहे असं तिला वाटतच नव्हतं. वडीलधाऱ्याला नमस्कार केला हे कोणी चौकशीत सांगतं का?

दुर्गेशनं आपल्या कॉम्प्युटरवर आकडा पाहिला आणि खुर्चीत सरळ झाला. मग मॉनिटर आमच्याकडे फिरवला.

पाणी: 128.

मी पहिलं काय केलं तर सेंटरला फोन. कोणत्याही मशीनवर नाव बदललं असेल तर आकडा पुन्हा तपासा, आत्ता, माझ्याशी बोलता बोलता. तिकडे मयुरा होती. तिनं चौदाही खुर्च्या फिरून सांगितलं की सगळं बरोबर आहे. हा डबा आणखी दोन सेंटरांत गेला होता. दुर्गेशनं त्यांनाही फोन केले. मग तो काजलकडे वळला.

"ताई, जी लावल्यावर कधी मशीन ओरडली का?"

"ओरडते ना. नाव लंबं असलं का पी पी करते, आकडा चुकीचा म्हणते. मंग आमी आकडा परत टाकतो."

"किती दिवसापासून?"

"पहिल्यापासून. ते म्हाताऱ्यांवर चिडते म्हणतो आमी."

दुर्गेशनं कपाळाला हात लावला. "मले कोणी सांगितलं काहून नाही?"

आता काय सांगणार. दवाखान्यात पी पी न करणारी एकही वस्तू नाही. जे ओरडतं त्याला गप्प करायचं आणि पुढं जायचं, हीच आमची शिकवण. ओरडली तेवढी नावं वाचली. या एका नावावर मशीन ओरडलं नव्हतं.

"काहून नाही ओरडलं, ते पाहू," दुर्गेश म्हणाला, आणि त्यानं एक काळी खिडकी उघडली. तिला तो डिबगर म्हणाला. चालता प्रोग्राम हवा तिथं थांबवायचा आणि त्याच्या पोटात त्या क्षणी काय आहे ते बघायचं, एवढंच त्याचं काम. तीस वर्षं मी माणसांच्या पोटात काय चाललंय ते नाडीवरून आणि रिपोर्टावरून ओळखत आले. धावता माणूस जागच्या जागी थांबवून आत बघता येत नाही. इथं येत होतं.

"आता मी याले सांगून राहिलो," त्यानं टाईप करता करता म्हटलं, "का पाण्याच्या आकड्याले कोणी हात लावला रे लावला का सगळं तिथंच रोक. ताई, तुम्ही जी लावा."

काजलनं जी लावला. ठीक दाबलं. डब्याची स्क्रीन गोठली. खालच्या गल्लीत स्कूटरवाले एकमेकांवर ओरडत होते, दुकानात कोणी तरी पातेली मांडत होतं, आणि इथं टेबलावर एक क्षण धरून ठेवलेला. काळ्या खिडकीत उमटलं: पाण्याचा आकडा बदलला. आधी 2100, आता 2176.

"पण एकशे अठ्ठावीस पाहिजे ना," मी म्हटलं.

"थांबा, अजून पूर्ण नाही झालं. अर्ध्यात पकडलं याले. आता नाव पाहू."

त्यानं नाव मागितलं, आणि खिडकीत नुसती तिरप्या रेघांची आणि आकड्यांची रांग आली. \340\244\262\340\244\276, आणि असंच पुढं, ओळ संपून दुसरी ओळ. मला त्यात ना लांजेवार दिसत होते ना रुपराव.

"हे नाव आहे?"

"नावच आहे. मशीनमधी अक्षर नसते मॅडम, आकडेच असते. एक एक घर, एका घरात एक आकडा. इंग्रजी अक्षराले एक घर पुरते. आपल्या अक्षराले तीन लागते. तीन घरं मिळून एक ल. काना वेगळा, त्याले बी तीन. वेलांटीले तीन."

"कोणी ठरवलं हे?"

"जगातल्या लोकायनं बसून ठरवलं. जवळपास सगळ्या लिप्या आहेत त्याच्यात. प्रत्येक अक्षराले त्याचा आकडा, कोणाचाच दुसऱ्यासारखा नाही."

"आपल्या ळ ले बी?"

"ळ ले बी."

मला हे माहीतच नव्हतं. मोबाईलवर रोज मराठी वाचते, नातवंडांना आशीर्वाद पाठवते, पण कधी मनात आलं नाही की हे अक्षर माझ्यापर्यंत आकडा होऊन येतं आणि काचेवर पोचल्यावर परत अक्षर होतं. कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी देशात, कोणी तरी आपल्या ळ साठी जागा राखून ठेवली. त्या माणसाला बघायला मिळालं असतं तर मी पाया पडले असते. खरंच सांगते.

"पण मंग इथं अक्षर काहून नाही दिसून राहिले?" काजलनं विचारलं. डबा टेबलावर ठेवल्यापासून तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

दुर्गेश ओशाळला. "माही चूक. याले मी सांगितलंच नाही का मशीनच्या पोटातली लिपी कोणती आहे. हे बिचारं इंग्रजीच समजून वाचून राहिलं. जे इंग्रजीत बसत नाही त्याले तिरपी रेघ अन आकडा. मी आजवर चाचण्या इंग्रजी नावानंच केल्या. मराठी नाव आलं का हे आकडे पाहायचो, असेल बरोबर म्हणायचो अन पुढं जायचो."

त्यानं एक ओळ टाईप केली. पोटातली लिपी ही आहे, एवढंच सांगणारी, चार शब्दांची. मग पुन्हा नाव मागितलं.

लांजेवार रुपरावज\340\245

दोन ओळींचं ते जंगल एका क्षणात नाहीसं झालं आणि तिथं माणसाचं नाव उभं होतं, स्वच्छ, आपल्या लिपीत. आकडे जराही बदलले नव्हते. तेच होते, तिथंच होते. कोणत्या डोळ्यांनी बघायचं तेवढं फक्त बदललं. आणि आता त्या नावाच्या शेवटी दोन आकडे उघडे पडले होते. आधी सगळेच आकडे होते म्हणून हे दोन दिसत नव्हते. आता लपायला जागाच नव्हती.

"हे काय राहिलं शेवटी?" मी विचारलं. माझा आवाज मला हळू वाटला, देवळात बोलते तसा.

"वेलांटी," दुर्गेश म्हणाला. "जी मधली. वेलांटीले तीन आकडे पाहिजे. दोनच आहेत इथं."

"तिसरा?"

त्यानं कागद घेतला आणि काजलसमोर ठेवला. "ताई, नावातले अक्षर मोजा. काना, मात्रा, टिंब सगळं वेगळं धरा."

काजल बोटावर मोजत गेली. ल, काना, टिंब, ज, मात्रा, व, काना, र. लांजेवारचे आठ. रुपरावचे सहा. जी चे दोन. सोळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. मधल्या मोकळ्या जागेचं एक. एकोणपन्नास.

"नावाले मी घरं दिली अठ्ठेचाळीस," दुर्गेश म्हणाला. "इंग्रजीच्या हिशोबानं. मले वाटलं लय झाले. अठ्ठेचाळीस अक्षराचं नाव कोणाचं असते?"

"अन एकोणपन्नासावं घर कोणाचं?"

"पाण्याचं. तिथून पाण्याचा आकडा सुरू होते. दोन घरं त्याले: एकवीसशे म्हणजे दुसऱ्यात दोनशे छप्पनचे आठ गठ्ठे, पहिल्यात बावन्न सुटे."

त्यानं कागदावर वेलांटीचे तीन आकडे लिहिले. खिडकीतले आकडे आठाच्या मोजणीचे होते, ते त्यानं आपल्या मोजणीत करून दाखवले. दोनशे चोवीस. एकशे पासष्ट. तिसरा लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

एकशे अठ्ठावीस.

एकोणीस दिवस मी तो आकडा ऐकत होते. नोंदीत, डॉक्टरांच्या तोंडून, माझ्या स्वतःच्या तोंडून. पोरीच्या हलगर्जीपणाचा आकडा म्हणून. आणि तो वेलांटीचा तिसरा भाग होता, जागा पुरली नाही म्हणून पुढच्या घरात जाऊन पडलेला.

"आता सोडतो याले," दुर्गेश म्हणाला. "नाव संपलं हे सांगायले मशीन शेवटी एक शून्य लिहिते. थो शून्य पाण्याच्या दुसऱ्या घरात पडन."

त्यानं एक बटण दाबलं. थांबलेला क्षण जेमतेम एक पाऊल पुढं गेला आणि पुन्हा थांबला. 2176 चे झाले 128. आमच्या डोळ्यांसमोर झाले. कोणी काहीही टाईप केलं नव्हतं. डब्याच्या स्क्रीनवर मात्र लांजेवार रुपरावजी असं पूर्ण, देखणं नाव झळकत होतं. नाव वाचताना मशीन सरळ पुढच्या घरापर्यंत वाचत गेलं आणि त्याला वेलांटी सापडली.

नाव याहून लांब असतं तर पाण्याच्या दोन्ही घरांत मोठाले आकडे पडले असते, साठ लिटरच्या घरातला आकडा झाला असता, आणि मशीन ओरडलं असतं. याहून आखूड असतं तर काहीच झालं नसतं. बरोबर सोळा अक्षरं, मधे एक जागा, शेवटी वेलांटी. एवढ्या मोठ्या दुनियेत एक माणूस उमरेडहून तेवढंच नाव घेऊन आला आणि आम्ही त्याला मान दिला. मला देवाची भीती वाटली नसेल एवढी त्या हिशोबाची वाटली. कुठंही खोट नव्हती. प्रत्येक आकडा जिथं जायचा तिथंच गेला होता.

काजल आनंदली नाही. ती खाली बसली आणि दुर्गेशला विचारलं, "म्हणजे मी त्या दिवशी एकवीसशेच टाकले होते?"

"हो ताई. त्याशिवाय असं होऊच शकत नाही."

"मले वाटून राहिलं होतं का मीच टाकले एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "सगळे म्हणून राहिले होते. मंग मले आठवाले बी लागलं होतं तसं. बोटं दिसायचे माहे, एक दोन आठ दाबताना."

हे ऐकून मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरीला सुई कशी धरायची ते मी शिकवलं होतं, आणि तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मीच काढून घेतला होता.

"शनिवारी हे सगळं सांगू," मी म्हटलं.

"सिस्टर, मी तर सकाळीच कबुली देऊन आली. ऑफिसात, लिफाफ्यात. तुमी म्हटलं होतं ना, मान्य कर, मंग सोडते लोकं. सुशीलभाऊ म्हणाले पाच वाजता फाईल ट्रस्टींकडे जाते."

साडेतीन झाले होते. दुर्गेशनं शिक्क्याची वाट बघणारं ते पत्र उचललं, दोनदा फाडलं आणि कोऱ्या कागदावर हातानं दुसरं लिहायला बसला. दोष आमच्या सॉफ्टवेअरचा आहे, टेक्निशियननं भरलेला आकडा बरोबर होता, डबे आजपासून बंद ठेवावेत. खाली पूर्ण सही. लिहिताना एकदा थांबून म्हणाला, पियुष मले मारन, आणि लिहीत राहिला. जिना उतरताना मी मागं वळून पाहिलं तर तो त्या काळ्या खिडकीसमोर तसाच बसला होता, हात मांडीवर ठेवून.

परत जाताना ऑटोवाल्याचा मी सगळा रस्ता जीव खाल्ला. चार वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही ऑफिसात शिरलो. क्लार्क सुशील फाईलला दोरी बांधत होता. मी लिफाफा मागितला. तो म्हणाला, बंद आहे, ट्रस्टींच्या नावानं आहे, देता येत नाही. मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं दिला. काजल दारातच उभी राहिली, म्हणाली, वाचू नका सिस्टर, फाडून टाका. पण मी फोडला. वहीच्या पानावर, तिच्या गोल अक्षरात:

'त्या दिवशी आकडा टाकताना माझ्या हातून चूक झाली असावी. मला नीट आठवत नाही. वजन घेतले नाही, ती चूक मला आठवते. आदरणीय वच्छला सिस्टर त्या वेळी दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या. त्यांनी मला सर्व काही नीट शिकवले आहे. त्यांचा यात काही दोष नाही.'

मी ते तीनदा वाचलं. चौकशीत इन्चार्जलाही धरतील ही भीती मला होती, तिच्याजवळ मी ती कधी बोलले नव्हते. तिला ती कळली होती. मी तिला सगळ्यांसमोर झापत होते तेव्हाही कळत असेल.

मी सुशीलकडून कोरा कागद घेतला आणि त्याच्या टेबलाशी उभ्या उभ्या लिहायला लागले. की आकड्यानंतर नाव बदलायची पद्धत माझ्या नियमामुळं पडली. की मशीन नऊ महिने ओरडत होतं आणि इन्चार्ज म्हणून मी ते कोणाला कळवलं नाही. की एका निर्दोष मुलीकडून मी कबुली लिहून घेतली. हे लिहायच्या आधी वर, पहिल्या ओळीत, तिचं पूर्ण नाव लिहायचं होतं. पेन तिथंच अडलं.

"काजल," मी दाराकडे न बघता विचारलं, "तुह्या वडिलांचं नाव काय वं?"

"नानाजी," ती म्हणाली. "काजल नानाजी बोरकुटे."

ती दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. मी नाव सावकाश, पूर्ण लिहिलं, आणि मग पुढचं लिहायला घेतलं.